शेर खान जे. जे.चा विद्यार्थी

दूरदर्शनवरच्या ‘जंगल बुक’मध्ये शेर खान वाघाला आवाज दिला तो नाना पाटेकरांनी, हे बहुतेकांना माहीत असतं. नाना मुंबईच्या जे. जे.त उपयोजित कला शिकले, हेही पुष्कळांना ठाऊक असतं. आता यात तिसरी गोष्ट मिळवा. मोगलीची गोष्ट लिहिणारा रुडयार्ड किपलिंग ३० डिसेंबर १८६५ रोजी याच जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मला. मोगली ज्याच्या डोक्यातून निघाला तो माणूस आणि मोगलीवर गुरगुरणारा आवाज, दोघांचाही पत्ता एकच! सीएसएमटीहून क्रॉफर्ड मार्केटकडे चालत निघालात की डाव्या हाताला, झाडांच्या आड.

ही जुळणी सापडली त्या दिवसापासून मी भेटेल त्याला सांगत सुटले आहे. कारण लहानपणी रविवारी सकाळी आम्ही सतरंजीवर दाटीवाटीने बसून ही मालिका बघायचो, तेव्हा ती जपानी आहे हेसुद्धा कुणाला माहीत नव्हतं. ती आमचीच वाटायची. पडद्यावर मुंग्या आल्या की थोरल्या भावाने गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायची आणि आम्ही खिडकीतून ओरडायचं, ‘आलं, आलं, थांब तिथेच!’ त्या बिचाऱ्याने मोगली पाहण्यापेक्षा ऐकलाच जास्त. पण ‘आमचीच’ हे वाटणं किती खरं होतं, ते आता कळतंय.

फळबाजारातला छोटा रुडयार्ड

रुडयार्डचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग जे. जे.त शिल्पकला शिकवायचे. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आताच्या महात्मा जोतिबा फुले मंडईच्या दर्शनी कमानींवर शेतकऱ्यांची कोरीव शिल्पं आहेत ना, ती त्यांची. मंडईच्या आतलं दगडी कारंजंही त्यांच्याच हातचं. पुढच्या वेळी तिथे पिशव्या सावरत आंबे घ्यायला गेलात, तर दोन मिनिटं मान वर करून बघा. ‘जंगल बुक’च्या पहिल्या आवृत्तीतली काही चित्रं काढणारा हात तुमच्या डोक्यावर आहे.

छोट्या रुडयार्डला सांभाळायला पोर्तुगीज कॅथलिक आया होती, बहुधा गोव्याकडची, आणि मिता नावाचा हिंदू नोकर. आया रस्त्याकडेच्या क्रुसापाशी थांबून प्रार्थना करायची, मिता त्याला हाताला धरून देवळात न्यायचा. किपलिंगने म्हातारपणी आत्मचरित्र लिहिलं, त्यात त्याची सगळ्यात जुनी आठवण कुठली? भल्या सकाळचा मुंबईचा फळबाजार! सोनेरी आणि जांभळ्या फळांचे ढीग, बरोबर त्याच्या खांद्याच्या उंचीला. दुपारी झोपवताना आया आणि मिता त्याला इथल्या गोष्टी सांगायचे, गाणी म्हणायचे. मग आई-वडिलांसमोर पाठवताना बजावायचे, की आता इंग्रजीत बोल हं! मुलगा विचार करायचा आणि स्वप्नं बघायचा तो इथल्या बोलीत. इंग्रजी बोलायची म्हणजे मनातल्या मनात भाषांतर करावं लागायचं.

सहा वर्षांचा व्हायच्या आतच, १८७१ मध्ये, त्याला शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं. साउथसी गावात, पैसे घेऊन मुलं सांभाळणाऱ्या परक्या माणसांच्या घरी. तिथली वर्षं फार हालात गेली. लांडग्यांच्या घरात वाढलेलं, दोन जगांत अर्धं-अर्धं राहिलेलं पोर त्याने का उभं केलं असेल, हे मला तरी इथे कळतं. फरक एवढाच की त्याने मोगलीला दिलेलं परकं घर मायेचं होतं.

बर्फात लिहिलेलं जंगल

मोगलीचं जंगल म्हणजे मध्य प्रदेशातलं सिवनी. मात्र किपलिंगने तिथे पाऊल ठेवल्याची नोंद नाही. त्याने वाचली होती रॉबर्ट स्टर्नडेल नावाच्या अधिकाऱ्याची पुस्तकं. त्यातल्या एकाचं नावच ‘सिवनी’ होतं. शिवाय मित्रांनी काढलेले त्या भागातले फोटो बघितले होते. एवढ्या शिदोरीवर त्याने जंगल रचलं, आणि तेही अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये, खिडकीच्या काठापर्यंत बर्फ साचलेलं असताना! १८९२ च्या त्या हिवाळ्यात त्याला मुलगी झाली, जोसेफिन. पुढे त्याने तिथेच घर बांधलं आणि घराला नाव दिलं ‘नौलखा’.

‘जंगल बुक’ १८९४ मध्ये आलं, दुसरा भाग १८९५ मध्ये. त्याने जोसेफिनसाठी स्वतःच्या हाताने मजकूर लिहून दिलेली पहिल्या आवृत्तीची प्रत २०१० मध्ये इंग्लंडमधल्या विम्पोल हॉल या जुन्या हवेलीत सापडली. जोसेफिन मात्र १८९९ मध्येच न्यूमोनियाने गेली होती. अवघी सहा वर्षांची. बापाच्या अक्षरातलं ते पुस्तक हाती लागायला शंभराहून अधिक वर्षं गेली.

८ गोष्टी, ५२ भाग

आता चला टोकियोला. ‘जंगल बुक, शोनेन मोगुरी’, म्हणजे ‘जंगल बुक, मुलगा मोगली’ ही मालिका बनवली निप्पॉन अ‍ॅनिमेशन या संस्थेने. दिग्दर्शक फुमिओ कुरोकावा. टीव्ही टोकियोवर पहिला भाग ९ ऑक्टोबर १९८९ ला लागला आणि शेवटचा २९ ऑक्टोबर १९९० ला. दोन्ही सोमवार. जपानी मुलांचा मोगली सोमवारचा, आपला रविवारचा!

एकूण भाग ५२. आणि किपलिंगच्या दोन्ही पुस्तकांत मिळून मोगलीच्या गोष्टी किती? फक्त ८! पहिल्या पुस्तकात तर सातातल्या तीनच त्याच्या. बाकीच्यांत सील, मुंगूस, हत्ती असे वेगळेच नायक आहेत. म्हणजे आपण लहानपणी जे पाहिलं त्यातलं पुष्कळसं जपानी लेखकांनी घरी बसून वाढवलेलं होतं. मोगलीचं ते फिरून हातात येणारं बूमरँग घ्या. गल्लीतल्या प्रत्येक पोराने पुठ्ठा कापून ते करून पाहिलेलं आहे, आणि कुणाचंच परत आलेलं नाही. पुस्तकात त्याचा पत्ताच नाही. तिथे मोगलीकडे असतो गळ्यात अडकवलेला सुरा.

तसाच किची. मोगलीच्या मागे मागे धावणारा तो गुबगुबीत, तांबूस, झुपकेदार शेपटीचा प्राणी आठवतो? तो रेड पांडा. खरा रेड पांडा राहतो पूर्व हिमालयातल्या थंड, बांबूच्या रानात. सिवनीच्या मे महिन्यात त्याची काय अवस्था होईल, विचारू नका. पण पोरांना तो इतका आवडायचा की आमच्या शेजारच्या घरातल्या मांजराचं नाव किचीच होतं.

आता एक कारागिरीची गंमत. सिनेमाच्या फितीत सेकंदाला २४ चौकटी असतात. प्रत्येक चौकटीसाठी नवं चित्र काढायचं तर टीव्ही मालिका परवडणारच नाही. म्हणून जपानी टीव्हीवाल्यांनी रीत पाडली, की एक चित्र तीन चौकटी चालवायचं. सेकंदाला आठ चित्रं. त्यातही धड स्थिर ठेवून फक्त तोंड हलवायचं, आणि तोंडाच्या अवस्था तीनच: मिटलेलं, अर्धं उघडं, पूर्ण उघडं. पुढच्या वेळी यूट्यूबवर जुना भाग दिसला तर आवाज बंद करून एखाद्या पात्राच्या ओठांकडे बघा. मिट, अर्धं, आ. मिट, अर्धं, आ. हे ओठ जपानी बोलतायत की हिंदी, सांगताच येत नाही. म्हणूनच त्यावर दुसरी भाषा इतकी बेमालूम बसते. शेर खान नानांच्याच आवाजात जन्मला असावा असं वाटतं, त्यात नानांच्या गळ्याचं श्रेय मोठं आहेच, पण त्या तीन तोंडांचंही आहे.

चड्डीचा आग्रह

शीर्षकगीत गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाज यांचं, गायक अमोल सहदेव. गाण्यातल्या ‘चड्डी’ या शब्दावर तेव्हा आक्षेप आला होता. मुलांच्या गाण्यात हा शब्द कशाला, बदला, असं सुचवण्यात आलं. गुलजार ठाम राहिले. किती बरं झालं! कारण अख्ख्या पिढीला त्या गाण्यातलं पहिल्यांदा काय आठवतं, तर हाच शब्द. मोठी माणसं चारचौघांत बोलायला कचरतात तो शब्द टीव्हीवरच मोठ्याने गायला मिळतोय, याचा आनंद काय असतो ते मुलांनाच विचारावं. आणि गुलजारांना तो ठाऊक होता.

जपानी मालिकेचं स्वतःचं वेगळं शीर्षकगीत होतंच. पण आपलं गाणं भाषांतर नव्हतं. ते मुळातून इथे, इथल्या मुलांसाठी लिहिलेलं होतं, आणि माझ्या मते ही मालिका आपली होण्याचं ते सगळ्यात मोठं कारण. गुलजार-भारद्वाज जोडीचा ‘माचिस’ १९९६ चा. त्याच्याही आधी या दोघांनी मिळून आपल्या रविवारची सोय करून ठेवली होती.

पुढचा योग तर आणखी गोड. २०१६ मध्ये जॉन फॅवरोचा ‘द जंगल बुक’ आला, तोही भारतात अमेरिकेच्या आठवडाभर आधी, ८ एप्रिलला. हिंदी आवृत्तीत शेर खान कोण? पुन्हा नाना! बगीरा बिबट्या ओम पुरी, बालू अस्वल इरफान खान, का अजगर प्रियांका चोप्रा, लांडगी आई शेफाली शाह. आणि भारद्वाज-गुलजारांनी ते जुनं गाणंही प्रसिद्धीसाठी पुन्हा नव्याने केलं. तो चित्रपट मी भाच्याला घेऊन पाहायला गेले होते. अंधारात नानांचा पहिला गुरगुराट उमटला आणि आमच्या रांगेतल्या सगळ्या चाळिशीतल्या आया-बापांनी एकदम एकमेकांकडे पाहिलं. मुलांना कळेचना, यांना झालंय काय!

तबक चाटणारा तबाकी

नावांच्या बाबतीत तर किपलिंगने आपल्यासाठी खाऊचा डबाच भरून ठेवलाय. हाथी, चिल, बांदरलोग, अकेला ही सोपी. बगीरामध्ये वाघ लपलाय, बालूमध्ये भालू. पण तबाकी कोल्हा? किपलिंग त्याला ‘ताटं चाटणारा’ म्हणतो. नावात ‘तबक’ आहे! तेच ते आपलं, लग्नात विड्यांनी भरून फिरवतात ते. उरलंसुरलं तबक चाटत फिरणारा म्हणून तबाकी. इतकी वर्षं हे नाव परदेशी वाटत होतं, आणि निघालं आपल्या फडताळातलं.

लांडगी आई रक्षा. हे नाव ‘रक्षण’वरून असेल असं आपल्याला वाटतं, पण किपलिंगच्या मनात होती राक्षसी. मोगलीला मागायला शेर खान गुहेच्या तोंडाशी येतो, तेव्हा ही बाई अशी उसळते की वाघ मागे फिरतो. मला दोन्ही अर्थ चालतात. आई म्हटल्यावर दोन्ही आलेच.

शेर खानचंही एक गुपित आहे. तो जन्मतः लंगडा, त्याची आईच त्याला ‘लंग्री’ म्हणायची. धड शिकार जमत नाही, म्हणून तो गावाकडची गुरं मारतो. आणि त्याला अखेर मारतं कोण? विस्तव नाही, बंदूक नाही. गावच्या म्हशी! मोगली तेव्हा गुराखी झालेला असतो. लांडग्यांचा जुना म्होरक्या अकेला आणि लांडगा भाऊ मिळून कळपाचे दोन भाग करतात, एक घळीच्या या तोंडाला, दुसरा त्या तोंडाला. आणि मध्ये भरल्या पोटाने सुस्तावलेला वाघ. म्हशींचा लोंढा त्याच्या अंगावरून जातो. ज्याने कुणी म्हशी वळल्यात त्याला यात काही अशक्य वाटणार नाही. लगेच गावचा शिकारी बलदेव येऊन कातड्यावर हक्क सांगतो, कारण सरकारी बक्षीस असतं १०० रुपये. गाव म्हटलं की हेही आलंच.

आणि खुद्द मोगली? किपलिंगने सांगितलेला अर्थ ‘बेडूक’. अंगावर केस नसलेलं, गुळगुळीत पोर म्हणून. पण हा शब्द कुठल्याच भाषेतला नाही, त्याने तो मनानेच रचला. उच्चारही ठरवून दिला होता: पहिलं अक्षर ‘काऊ’सारखं, म्हणजे ‘माऊग्ली’. आता १४० कोटींच्या देशाने ‘मोगली’ ठरवून टाकल्यावर कोण ऐकतो!

पेन्शनर मोगली

ही माझी सर्वांत लाडकी गोष्ट. मोगली छापील जगात पहिल्यांदा आला तो लहान मुलगा म्हणून नाही, तर तरणाबांड गडी म्हणून. १८९३ च्या ‘इन द रुख’ या गोष्टीत. ‘रुख’ म्हणजे रान. तिथे एक वन अधिकारी त्याला भेटतो, त्याची जंगलाची जाण पाहून थक्क होतो आणि नोकरी देऊ करतो: वनखात्यात रखवालदार, दरमहा रोख पगार, आणि म्हातारपणी पेन्शन! मोगली नोकरी घेतो, लग्न करतो, त्याला बाळही होतं. लांडग्यांत वाढलेल्या मुलाला सरकारी नोकरी लागली. त्याचं बालपण किपलिंगने नंतर लिहिलं.

बाकीचे मोगली

डिस्नेचा चित्रपट १८ ऑक्टोबर १९६७ चा. त्यातला ओरांगउटान राजा लुई पुस्तकात नाहीच. ओरांगउटान भारतात नसतो, आणि किपलिंगच्या माकडांना राजा नसणं हाच तर त्यांचा दोष. का अजगराला डिस्नेने खलनायक केलं, तर पुस्तकात तो मोगलीचा जुना दोस्त आहे, तब्बल ३० फुटी. त्याच १९६७ साली मॉस्कोच्या सोयुझमुल्तफिल्मने आपला मोगली काढायला घेतला. पाच भाग, १९७१ पर्यंत. त्यात बगीरा मादी आहे! अमेरिकन टीव्हीसाठी चक जोन्सने १९७५ मध्ये मुंगसाची गोष्ट ‘रिक्की-टिक्की-टावी’ केली, निवेदन ऑर्सन वेल्सचं, आणि १९७६ मध्ये मोगलीची पहिली गोष्ट. २०१० पासून संगणकावर केलेली नवी मालिका आली, ती हैदराबादच्या डीक्यू एंटरटेनमेंटची.

आणि शाळेत कब-बुलबुलमध्ये होतात का? स्काउटिंगचे जनक बेडन-पॉवेल यांनी १९१६ मध्ये छोट्यांचं पथक सुरू केलं तेव्हा सगळी रचना ‘जंगल बुक’वरून घेतली. म्हणून तर कबच्या प्रमुखाला अकेला म्हणायचं.

दख्खनचे लाल कुत्रे

शेवटी थोडं आपल्या रानाबद्दल. दुसऱ्या पुस्तकात सगळ्यात थरारक लढाई होते ती लाल रानकुत्र्यांशी. वाघसुद्धा त्यांच्या वाटेतून बाजूला होतो. आणि हे कुत्रे येतात कुठून? किपलिंग लिहितो, दख्खनमधून! आपले कोळसून ते. मोगली त्यांना चिडवून मागे लावतो, घळीच्या काठावरच्या मधमाश्यांची पोळी उठवतो आणि स्वतः नदीत उडी मारतो. कोळसून माश्यांच्या तावडीत सापडतात. खालच्या पाण्यात का अजगर मोगलीला झेलतो. कोळसून आजही पेंचमध्ये दिसतात, टोळीने, शिट्टीसारखा आवाज काढत. पेंचचं रान सिवनी आणि छिंदवाड्यापासून आपल्या नागपूर जिल्ह्यापर्यंत सलग आहे. व्याघ्र प्रकल्पाची पाटी दोन राज्यांची, जनावरं एकच. बगीरा हवा असेल तर ताडोबात काळा बिबट्या पाहिल्याच्या नोंदी आहेत. लांडगे मात्र या घनदाट रानापेक्षा सोलापूर-नगरच्या उघड्या माळांवर जास्त रमतात. धनगरांना विचारा.

मोगलीने ज्या नदीत उडी मारली तिचं नाव किपलिंगने बदललेलं नाही. ती वैनगंगा. सिवनी जिल्ह्यात उगम, बालाघाटवरून खाली येत ती भंडाऱ्यात शिरते, पवनीवरून, पुढे गडचिरोलीकडे, आणि वर्धेला मिळून प्राणहिता होते. नागपूरहून गोंदियाला बसने निघालात तर भंडाऱ्यापाशी मोठा पूल लागतो. खिडकीची जागा मिळवा, डुलकी लागली असेल तर कंडक्टरला उठवायला सांगून ठेवा. खाली जे पाणी वाहतंय, ते सिवनीहून आलंय.